कोपराखालची कोरडी जागा

अण्णा,

आज शनिवार. सकाळी परसातल्या रुईची पानं तोडताना तुमच्यासारखंच प्रत्येक पान उलटं करून पाहिलं. काही मारुतीच्या माळेला काढली, काही बरणीतल्या अळ्यांना. ओट्यावर दोन्ही ढीग शेजारी-शेजारी ठेवले, तर तुमचे जावई खुर्चीवरून म्हणतात, "बघ बरं, अदलाबदल करू नको. देवाला उष्टं जायचं आन् किड्याला परसाद." मी हसले. मग तुम्ही शिकवलं तसे कोपरापर्यंत हात धुतले आणि लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं वय मी कधीच मागं टाकलं. म्हणजे आता मी तुमच्यापेक्षा मोठी. तरी हे तुम्हालाच सांगायचं आहे, कारण दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं ते नाही. मारुतीच्या कोपराखालचा फुलपाखराचा तो कोष तुमच्या हातानं मेला, असं तुम्ही शेवटच्या श्वासापर्यंत धरून बसला होता. मला आता तसं वाटत नाही. काहून वाटत नाही ते सांगते, पण त्यासाठी जरा मागून यावं लागेल.

शुक्रवारी दिवस कलताना तुम्ही मला घेऊन ओढ्याकाठी जायचा. आपण गुरव, मारुतीचं झाडणं-पुसणं, दिवाबत्ती आणि शनिवारचा शेंदूर हे आपलं काम, आणि शनिवारची रुईची माळही आपल्याच घरची. रुई कुणी लावत नाही. ती आपली आपण येते, उकिरड्यावर, बांधाच्या कडेला, जिथं दुसरं काही धरत नाही तिथं. तुम्ही पान हातात धरता, तोडायच्या आधी उलटं करता, उन्हाकडं धरून पाहता. पाठीला खसखशीच्या दाण्याएवढं पांढरं अंडं दिसलं की पान सोडून देता. अळी दिसली तर ते झुडूपच सोडून पुढं जाता. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळी शिंगं असलेली ती अळी मला तेव्हा भुतावळीतली वाटायची. मी एकदा विचारलं, "अण्णा, किडकं पान देवाला चालत न्हाई म्हनून सोडलं का?" तुम्ही म्हणालात, "किडकं न्हाई माय. त्याच्यावर बिऱ्हाड हाय. बिऱ्हाड असलेलं घर कुनी देवाला देत असतं का?" मला ते पटलं. लहानपणी पटलेलं माणूस विसरत नाही, मोठेपणी पटलेलं मात्र रोज विसरतं.

तोडलेलं पान तुम्ही लगेच टोपलीत टाकत नव्हता. देठ खाली करून धरायचा, पांढरा चीक ठिबकून थांबेपर्यंत. मला तेवढा धीर नव्हता. एकदा चिकाच्याच हातानं मी कपाळावरचा घाम पुसायला गेले आणि तुम्ही माझं मनगट असं हिसकलंत की बांगडी फुटली. "डोळे घालवायचेत का? आंधळी झाल्यावर कोन बघंल तुझ्या अण्णाकडं?" ओरडलात, ओढ्यात नेऊन हात घासलेत. तुमचा मला मिळालेला तेवढा एकच ओरडा. त्याच शुक्रवारी, समजूत घातल्यासारखं, तुम्ही मला पानावर शेंदरानं "राम" लिहायला दिलंत. माळेच्या प्रत्येक पानावर राम. मला आलेली पहिली अक्षरं ती. पुढं शाळा तिसरीतच सुटली, पण त्या दोन अक्षरांच्या आधारानं मी किराणा दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचत वाचत बाकीची जमवली. आज हे एवढं लिहिते आहे, त्याचं भांडवल रुईच्या पानावरचं आहे.

आता तो कोष. एका शनिवारी सकाळी देव पुसायला गेलात आणि मला हाक मारलीत. आपल्या मारुतीचा उजवा हात उगारलेला, आणि त्या हाताच्या कोपराखाली, दगडाला चिकटून, ते लोंबत होतं. हिरवंगार. वरच्या अंगाला एक काळी रेघ आणि रेघेला लागून सोन्याचे ठिपके, सोनारानं टोचून बसवल्यासारखे. कुणाच्या तरी माळेतून अळी आली असेल आणि जागा शोधत चढली असेल. तुम्ही मला कडेवर घेऊन दाखवलंत. "बघ, देवाच्या काखेत निजलंय. फुलपाखरू हुनार हाय त्याचं." तुमच्या आवाजात जो आनंद होता तो मी घरात दुसऱ्या कुठल्या गोष्टीसाठी ऐकलेला नाही.

त्या शनिवारी तुम्ही देवाला डोक्यापासून पायापर्यंत शेंदूर लावलात, फक्त कोपराखालची वीतभर जागा सोडलीत. तेल आणि शेंदूर देण्याचा मान गावातल्या मोठ्या घराचा. त्या घरच्या कर्त्याला सगळे मालक म्हणायचे. ते आले, पाहिलं, म्हणाले, "गुरवबा, आज देवाचा हात अर्धाच रंगवला?"

"मालक, खाली जीव हाय."

"कसला जीव?"

"फुलपाखरू हुनार हाय."

देवळात हशा झाला. पारावरून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे आता देवाच्या काखेत बाळंतपन का, गुरवबा? सुईन बोलवू?" तुम्हीही थोडंसं हसलात. मालक हसले नाहीत. "आमच्या आज्यापासून या देवाला कोरडी जागा राहिली न्हाई. पुढल्या शनिवारी देव पुरा रंगलेला दिसला पायजे. तुमाला जमत नसंल तर सेवा करनारे दुसरे हायेत." हे त्यांनी शांतपणे म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

घरी आई चुलीपुढून वळलीसुद्धा नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचे चुलतभाऊ सेवेसाठी टपून बसलेत, आन् तुमी एका किड्यापायी हटून राहिलात." तुम्ही म्हणालात, "किडा न्हाई त्यो." आई म्हणाली, "मंग काय हाय? सांगा की मला. लेकरांच्या तोंडात काय घालू, फुलपाखरू?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि तो बराच वेळ हातातच राहिला. आई चुकीचं बोलत नव्हती अण्णा, आज चूल सांभाळून मला कळतं. तुम्हीही चुकीचं करत नव्हता. दोघांनाही एकाच वेळी खरं ठरायची सोय नव्हती, एवढंच.

तो आठवडा मी देवळातच काढला. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. कोषावर तपकिरी डाग पडत होते. तुम्ही म्हणालात, पिकून राहिलंय. एक पांढरा धागा त्याला लोंबत होता. "वातीचा कापूस चिकटला असंल," तुम्ही म्हणालात, आणि हात लागू नये म्हणून तो काढलाही नाहीत. शनिवार आला. मालक तेलाची लोटी घेऊन समोर उभे. तुम्ही डोक्यापासून सुरुवात केलीत. असा सावकाश शेंदूर तुम्ही कधी लावला नव्हता. छाती, शेपूट, पाय, पायाखालचा राक्षससुद्धा दोनदा. शेवटी कोपर राहिला. "लावा," मालक म्हणाले. तुम्ही एका बोटानं कोषाभोवती नुसतं कडं काढायला गेलात. पण उन्हाळा होता, तेल पातळ झालेलं. कोपरावरून एक लाल ओघळ निघाला, थांबला आणि मग सरळ कोषावर गेला. तुम्ही हात मागं घेतलात. मालक म्हणाले, "हां. आता देव देवासारखा दिसून राहिला," आणि नारळ फोडायला वळले.

तुम्ही धोतराच्या सोग्यानं तेल टिपलंत. उपयोग झाला नाही. कोष काळा पडला, मग वाळला. एके दिवशी तुम्ही बोट लावलंत तर कांद्याच्या वरच्या पापुद्र्यासारखा चुरला. आत काहीच नव्हतं. ओलं नाही, पंख नाहीत, काही नाही. तुम्ही तो चुरा तळहातावर घेऊन म्हणालात, "माझ्याच हातानं गेलं." त्यानंतर किती शनिवार आले आणि गेले, तुम्ही त्या जागेला शेंदूर लावला नाहीत. मालकांना ते दिसत होतं. पण ते पुन्हा कधी बोलले नाहीत. का बोलले नाहीत, ते मला आजवर उमगलं नाही. माणूस कळायला एक जन्म पुरत नाही म्हणतात, मालक तर दुसऱ्याच्या घरचे.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही बाजेवर पडून उजव्या हाताचं पहिलं बोट बघत राहायचा. नखातला शेंदूर काही केल्या निघत नव्हता. मी माहेरी आले होते, पायाशी बसले होते. तुम्ही म्हणालात, "जरा थांबाया पायजे व्हतं." आईला वाटलं तुम्ही तिला थांब म्हणताय, ती पाणी घेऊन आली. मला बराबर कळलं होतं. तेवढ्यानं काय होतं अण्णा, असं म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं नाही. कारण मलाही तेच वाटत होतं, की तुमच्याच हातानं गेलं, आणि मरणाऱ्या माणसाला खोटं सांगायचं माझ्या जिभेवर येईना. तुम्ही तसेच गेलात.

आता माझं सांगते. पोरं आपापल्या वाटेला लागली, कळमनुरीच्या या घरात आम्ही दोघंच. नांदेडच्या मुलानं त्याचा जुना मोबाइल दिला, बोलायला म्हणून. बोलायला माणसं किती? मी रुईचे फोटो काढायला लागले, मग तिच्यावरच्या अळ्या बरणीत पाळायला. बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानं दुकान बंद केलं तेव्हा त्याचं डोळ्याला लावायचं भिंग मी मागून आणलं आणि मोबाइलला चिकटपट्टीनं बसवलं. जावई म्हणतात, "फोटो चांगला काढ, अळीचं लगीन जमवायचं असंल." पण पानं संपली की तेच सायकल काढून ओढ्याकडं जातात, आणि उलटी करून बघूनच आणतात. मी शिकवलं नाही. ते बघून बघून शिकले.

अण्णा, तुमच्या डोळ्यांना जे दिसलं नसतं ते मी पाहिलंय. अंड्यावर उभ्या रेघा असतात, कुणी सुईनं ओढाव्यात तशा. अळी बाहेर आली की पहिल्यांदा स्वतःच्याच अंड्याचं टरफल खाते, काही वाया जाऊ देत नाही. मोठी झाली की पान खायच्या आधी त्याची शीर चावते आणि चीक गळून जाऊ देते, मग जेवायला बसते. देठ खाली धरून तुम्ही थांबायचा, अगदी तसं. तो फोटो धुरकट आला, पण पुसला नाही. मग ती उलटी टांगून आकड्यासारखी वाकते, कातडी पायमोज्यासारखी वर सरकवते आणि आत तो हिरवा, सोन्याच्या ठिपक्यांचा कोष. शेवटी त्याची साल काचेसारखी होते, आत तांबडे पंख दिसायला लागतात, आणि एका सकाळी पिळून ठेवलेल्या लुगड्यासारखे ओले पंख घेऊन ते बाहेर येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओट्यावर दूध उतू गेलं आणि आम्ही दोघंही जागचे हललो नाही. तुम्हाला आणि मला त्या देवळात हेच बघायचं होतं.

या वर्षी एका कोषावर तपकिरी डाग पडले. तुमचं वाक्य आठवलं, पिकून राहिलंय. मी आनंदानं भिंग लावलं. दुपारी बघते तर कोषातून पांढरे धागे लोंबत होते, शेवया वाळत घातल्यासारखे, आणि त्यांना धरून बारीक पांढरे किडे खाली उतरत होते. तरी फोटो काढला, तुमच्यासाठी काढतेय हे तेव्हा माहीत नव्हतं. जावई म्हणाले, "फेकून दे ती बरनी." मी नाही फेकली. दुसऱ्या दिवशी किड्यांचे गव्हासारखे तांबूस दाणे झाले. ते फडकं बांधून वेगळे ठेवले. त्यातून माशा निघाल्या, घरमाशीसारख्याच, जरा केसाळ. मग मोबाइलवर शोधलं, मराठीत थोडं सापडलं, हिंदीत बरंच. ही माशी अळीवर, नाहीतर अळी खाते त्या पानावर, आपली अंडी घालते. अळी त्यांना पोटात घेऊन खाते-पिते, वाढते, टांगून घेते, कोषही करते. वरून सगळं ठीक. सोन्याचे ठिपकेसुद्धा तसेच. आतलं मात्र माशीच्या पोरांनी कधीच संपवलेलं असतं. किडे उतरून गेले की कोष काळा पडतो, वाळतो आणि बोट लावलं की चुरतो. आत ओलं नाही, पंख नाहीत.

तो वातीचा कापूस नव्हता, अण्णा. तुमचं तेल ओघळलं तेव्हा आतलं बिऱ्हाड आधीच मोडलेलं होतं. तुम्ही मालकांचं ऐकलं नसतंत, सेवा गेली असती, आम्ही उपाशी राहिलो असतो, तरी त्यातून फुलपाखरू निघालं नसतं. तुमचं बोट तिथं उशिरा पोचलं. मारायलाही आणि वाचवायलाही.

हे कळल्यावर मला घरात बसवेना. बसनं आखाडा बाळापूरला उतरले आणि तिथून रिक्षानं गावी गेले. देवळाला आता फरशी आहे, पंखा आहे. सेवा चुलत्यांकडं गेलीच शेवटी, तुमच्या मागं. त्यांचा नातू करतो, तोही आता पिकल्या केसांचा. आत्या म्हणून पाया पडला. चार वर्षांमागं देवाची शेंदराची खोळ निघाली, ते सांगायला लागला. "सगळीकडं थर चार बोटं जाड आत्या, पर कोपराखाली पापुद्र्यासारखा पातळ. आमाला वाटलं तिथं देवच फुटका हाय. खोळ पयल्यांदा तिथनंच तडकली. मंग सगळी आपोआप सुटत गेली. आत देव असा कोवळा, नाक-डोळे सगळे धड." खोळ वाजतगाजत कयाधूत सोडली म्हणाला. मी नव्या देवाकडं बघत होते. त्याच्या कोपराखाली शेंदूर लावायचं कुणी विसरलं नव्हतं, पण जागा नीट भरली नव्हती. हात वर पोचत नाही म्हणाला, संधिवातानं.

"लावू ना पर नीट? का काही नेम हाय तिथला?" त्यानं विचारलं. "आजोबा सांगायचे, थोरले अण्णा तिथं लावत नव्हते. काहून ते त्यांनाबी माहीत नव्हतं."

मी म्हटलं, "लाव बाबा. आता लावायला हरकत न्हाई."

त्यानं स्टूल घेतलं, चढला आणि लावला. मी खालून स्टूल धरून उभी होते. कोपरावरून थोडं तेल ओघळलं, खाली काही नव्हतं, ते पायापर्यंत गेलं. मी फोटो काढला नाही.

हा कागद कुठं टाकायचा ते मला कळत नाही, आणि टाकायचा नाहीच आहे. बरणीखाली ठेवीन, ती ओट्यावर जरा डुलते, तेवढाच आधार होईल. एक गोष्ट मात्र राहिली. लिहिता लिहिता मी डोळे मिटून तो कोपर पुन्हा पाहिला. कोष दिसतो, ठिपके दिसतात, तुमचं बोट दिसतं. धागाही दिसतो. पण तो माझ्या फोटोतल्यासारखाच दिसतो, तसाच वळलेला, आणि त्याच्या पाठीमागं ओट्यावरच्या खिडकीचा उजेड. देवळात त्या बाजूला खिडकी नव्हती. वातीचा कापूस असंल, हे तुम्ही म्हणाला होता की मी आत्ता तुमच्या तोंडी घातलं, तेही मला शपथेवर सांगता येणार नाही. तरी मी देवळात त्या नातवाला 'लाव' असं सांगून आले आहे, आणि ते काही मागं घेणार नाही.